शोधाच्या दुसऱ्या वाटा

शाहू महाराजांनी राधानगरी धरण का बांधायला घेतलं, हे वाचायचं होतं. नेहमीच्या शोधयंत्रावर आधी हॉटेलं आणि अभयारण्याच्या सहलीच आल्या. मग डकडकगो उघडलं. २००८ साली सुरू झालेलं हे शोधयंत्र आपला माग ठेवत नाही, हे मला मनापासून पटतं. मात्र त्याचे बरेचसे निकाल बिंगकडूनच येतात. इतिहासासाठी माझा भरवसा इंटरनेट आर्काइव्हवर. तिथं कितीतरी जुन्या मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत नोंदलेली आहेत, त्यामुळे स्पेलिंग बदलून बदलून शोधावं लागतं. पण चिकाटी धरली की पुस्तक अख्खंच हाती येतं! मराठी विश्वकोशही थेट उघडावा. आणि करवीर नगर वाचन मंदिर? हे ग्रंथालय तर १८५० पासून आपल्या कोल्हापुरातच आहे. उद्या तिथल्या ग्रंथपालांनाच विचारते.