डी वर्गाची कैफियत

विद्यापीठाने सरत्या वर्षात काय निर्माण केले, या प्रश्नाचे लेखी उत्तर देण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्या मोजक्या कर्मचाऱ्यांपैकी मी एक आहे. फिनलंडमधील एका उपयोजित विज्ञान विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रकाशनांचे दप्तर माझ्या स्वाधीन आहे. अध्यापकांनी आणि संशोधकांनी जे जे प्रसिद्ध केले असेल त्याची नोंद घ्यायची, तिचा वर्ग ठरवायचा, तपशील पडताळायचा आणि वर्ष उलटल्यावर तो सर्व ऐवज शिक्षण मंत्रालयाकडे रुजू करायचा, हा माझा व्यवसाय. बाहेरून पाहणाऱ्यास हे काम निव्वळ कारकुनी वाटण्याचा संभव आहे; परंतु ज्ञान कशास म्हणावे, ते कोणासाठी निर्माण व्हावे आणि त्याची किंमत कोणी ठरवावी, हे थोर प्रश्न अखेर एखाद्या रकान्यात कोणते अक्षर लिहावे या स्वरूपात माझ्या मेजावर येतात, आणि त्यांना बगल देऊन पुढे जाता येत नाही.

या संस्थांचा इतिहास फार जुना नाही. शालान्त परीक्षेनंतरचे व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या, गावोगावी विखुरलेल्या तंत्रशाळा, परिचर्याशाळा आणि वाणिज्यशाळा एकत्र करून फिनलंडने 1991 साली हा प्रयोग आरंभिला. 1996 मध्ये त्यांतील पहिल्या संस्थांना कायम स्वरूप मिळाले, आणि आज शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत अशी 22 विद्यापीठे आहेत. त्यांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार नाही. मात्र 2014 च्या कायद्याने उपयोजित संशोधन, विकास आणि नवनिर्मिती हे त्यांचे कर्तव्य ठरविले, आणि ते अध्यापनास उपकारक व आपापल्या प्रदेशाच्या व्यवसायजीवनास पोषक असावे, अशी दिशाही आखून दिली. व्यावसायिक विषय शिकविणाऱ्या अध्यापकास किमान 3 वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव असावा, अशी तेथील नियमांत तरतूद आहे. जो मनुष्य कारखान्यात, रुग्णालयात किंवा समाजकल्याणाच्या कचेरीत उमेदीची वर्षे घालवून अध्यापनाकडे वळला, त्याच्या लेखणीसमोरचा वाचक बहुधा तेथेच राहिलेला असतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

मंत्रालयाने प्रकाशनांचे वर्ग ए पासून आय पर्यंत पाडले आहेत. ए म्हणजे तज्ज्ञपरीक्षित शास्त्रीय लेख. बी म्हणजे असे परीक्षण न झालेले शास्त्रीय लेखन. सी म्हणजे शास्त्रीय ग्रंथ. ई म्हणजे सर्वसामान्य वाचकांसाठी केलेले लेखन. एफ मध्ये कलाकृती, जी मध्ये प्रबंध, एच मध्ये एकस्वे व शोधांच्या सूचना, तर आय मध्ये दृक्‌श्राव्य सामग्री आणि संगणकप्रणाली. या सर्वांच्या मध्यावर डी वर्ग बसतो, आणि तो केवळ व्यावसायिकांसाठी आहे: व्यवसायपत्रातील लेख, हस्तपुस्तिकेतील प्रकरण, विकासप्रकल्पाचा प्रसिद्ध अहवाल, पाठ्यपुस्तक, मार्गदर्शिका. संपूर्ण देशाच्या विद्यापीठीय दप्तरात अशा लेखनाला स्वतःचे अक्षर असावे, त्याची गणती उरल्यासुरल्या गोष्टींत होऊ नये, ही मला या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची योजना वाटते.

एक नोंद जवळून पाहण्याजोगी आहे. परिचर्या विभागातील एका अध्यापिकेने संगणक विभागातील सहकाऱ्याच्या साह्याने व्यवसायपत्रात अवघ्या दोन पृष्ठांचा लेख लिहिला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी ठेवले जाणारे, ठरल्या वेळी औषधाची पुडी पुढे सरकवणारे, बोलून आठवण करून देणारे आणि पुडी उचलली गेली नाही तर ती आत कुलुपबंद करून परिचारिकेला वर्दी देणारे एक यंत्र फिनलंडच्या गृहपरिचर्येत आता रूढ आहे. ते कोणत्या वृद्धास मानवते आणि कोणास मानवत नाही, हा लेखाचा विषय. स्मृती क्षीण झाली असली तरी आवाज ऐकून हात पुढे करणारा मनुष्य त्याच्याशी जुळवून घेतो. परंतु ज्याला त्या आवाजाचाच धसका बसतो, किंवा पुडी घेऊन ती उशीखाली ठेवण्याची ज्याला सवय आहे, त्याच्याकडे माणूसच गेला पाहिजे, हे त्यात उदाहरणांसह सांगितले होते. या लेखाचे शीर्षक, लेखकांची नावे, भाषेचा संकेत, ज्ञानशाखांचे संकेतांक आणि लेख सर्वांस खुला आहे किंवा नाही याची खूण, एवढे भरून मी वर्गाच्या रकान्यात डी 1 असे लिहिले. त्याच आठवड्यात यंत्रविभागातून परिषदेच्या कार्यवृत्तात छापलेला, अनेक लेखकांचा एक निबंध आला. त्याला ए 4 मिळाला. दोन्ही नोंदी बिनचूक होत्या. परंतु या दोन अक्षरांवरून पहिल्या लेखामागील श्रम, निरीक्षण आणि विवेक दुसऱ्याहून कमी प्रतीचे होते असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याने या दोन्ही लेखांपैकी एकही वाचलेला नसणार.

ज्ञानशाखांच्या चालीरीती इतक्या भिन्न आहेत की, त्यांची नुसती संख्येने तुलना करणे अन्यायाचे होते. संगणकशास्त्रात परिषदेतील निबंधाला जी प्रतिष्ठा आहे ती परिचर्याशास्त्रात नियतकालिकाला आहे. समाजकार्याचा अभ्यासक बहुधा नगरपालिकेसाठी अहवाल लिहितो. वस्त्रकलेचा अध्यापक प्रदर्शन मांडतो आणि त्याचे संशोधन कापडाच्या पोतात उतरते. यंत्रशास्त्रात आणखी एक अडचण उभी राहते. कारखान्याच्या सहकार्याने केलेल्या कामाचा गाभा पुष्कळदा त्या कारखान्याचे व्यापारी गुपित असतो, आणि छापण्यास मोकळा राहतो तो केवळ परीघ. फिनलंडमध्ये याबाबतचा दंडक स्पष्ट आहे: विद्यार्थ्याचा प्रबंध मूल्यमापनानंतर सार्वजनिक दस्तऐवज होतो, म्हणून गुप्त मजकूर प्रबंधात घालायचाच नाही, तो पार्श्वसामग्री म्हणून बाजूला ठेवायचा. हे प्रबंध थेसेउस नावाच्या सामाईक भांडारात ठेवले जातात आणि तेथे त्यांची संख्या लाखाहून अधिक झाली आहे. गोठ्यातील वायुवीजन असो की लहान हॉटेलचा हिशेब, ज्याला गरज आहे त्या कोणत्याही नागरिकाने ते उघडून वाचावेत, या विचारातील उदारता मला आजही भारावून टाकते.

मोजमापाच्या साधनांविषयी माझी तक्रार नाही. ती ज्या कामासाठी घडविली गेली त्याहून भलत्या कामाला जुंपण्याविषयी आहे. यूजीन गारफील्ड यांनी 1964 साली विज्ञानातील संदर्भांची सूची प्रसिद्ध केली, ती मूलतः एका लेखावरून दुसऱ्या लेखाचा माग काढता यावा म्हणून. पुढे तिच्यावरून नियतकालिकांची आणि अखेर माणसांची प्रतवारी होऊ लागली. त्या प्रवाहाला आवर घालण्यासाठी 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आणि 2015 मध्ये लायडेनच्या नावाने जाहीरनामे निघाले, आणि त्यांचे सार असे की, आकडे निर्णयाचे साह्यकारी असावेत, निर्णेते नसावेत. फिनलंडमध्ये शास्त्रीय नियतकालिकांची तीन पायऱ्यांची प्रतवारी तज्ज्ञमंडळे करतात, आणि पारंपरिक विद्यापीठांच्या निधीत तिला वजन आहे. 2021 पासून लागू झालेल्या निधिसूत्रात पारंपरिक विद्यापीठांसाठी प्रकाशनांचा वाटा 14 टक्के होता, आमच्यासाठी तो 2 टक्के. हा आकडा ऐकून आमच्यांतील काहींना कमीपणा वाटला. मला मात्र त्यात एक मोकळीक दिसली: ज्या लेखनावर पैसा फारसा अवलंबून नाही, त्याचे स्वरूप ठरविताना वाचकाचे हित प्रथम पाहता येते.

हा विचार माझ्या मनात रुजण्यास महाराष्ट्रातील एक परिपाठ कारण झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. राहुरी (1968), अकोला (1969), परभणी व दापोली (दोन्ही 1972) या आपल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन परिषद, जिला सर्वत्र जॉइंट अॅग्रेस्को या नावाने ओळखले जाते, ती दरवर्षी भरते. तेथे शास्त्रज्ञ आपल्या कामाची फलिते वाण, अवजारे आणि शिफारशी अशा रूपांत मांडतात, त्यांची कसून छाननी होते, आणि जे टिकते तेच शेतकऱ्यापर्यंत जाण्यास पात्र ठरते. संशोधनाचे फलित म्हणजे निबंधच असला पाहिजे, हा आग्रह तेथे नाही. नांगरटीची खोली, बियाण्याचे प्रमाण, फवारणीची वेळ यांविषयीची चार ओळींची शिफारसही तेथे पूर्ण मानाची असते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला, 1981 साली प्रसारित झालेला रत्ना आंबा घ्या. हापूसला ग्रासणारा साका त्यात नाही. कोकणातील ज्या बागायतदाराने त्याचे कलम लावले त्याच्यापुरते ते संशोधन अंगणात प्रसिद्ध झालेले आहे. त्याची नोंद ए पासून आय पर्यंतच्या कोणत्या रकान्यात करावी, हे मला आमच्या वर्गीकरणात सापडत नाही, आणि ही उणीव वर्गीकरणाची आहे.

अलीकडे मला चिंता वाटते ती भाषेच्या रकान्याची. 2019 मध्ये हेलसिंकी येथून शास्त्रीय लेखनातील बहुभाषिकतेचा पुरस्कार करणारे आवाहन निघाले, आणि त्यात स्थानिक भाषांतील संशोधनप्रसाराचे रक्षण करावे असे स्पष्टपणे सांगितले होते. तरीही आमच्याकडचे तरुण अध्यापक, पुढील नेमणुकीचा विचार मनात धरून, वॉर्डातील परिचारिकेसाठी असलेला मजकूर इंग्रजीत लिहून दूरच्या नियतकालिकाकडे धाडतात. यात मी त्यांचा दोष मानीत नाही, कारण अर्जाची छाननी करणारे प्रथम ए वर्गाची यादी उलगडतात. परंतु कोणी सल्ला विचारण्यास आला की मी त्याच्याकडून दोन लेखांचे आश्वासन घेतो: इंग्रजी लेख अवश्य लिहावा, पण त्याच वर्षी तोच विषय फिनिश किंवा स्वीडिश भाषेत व्यवसायपत्रासाठीही लिहावा, आणि दोहोंचा तपशील माझ्याकडे एकदमच द्यावा. काहीजण हे आश्वासन पाळतात. मंत्रालयाच्या पुढील आढाव्यात या जोडनोंदी एकमेकींशी बांधून दाखविण्याची सोय व्हावी, असा मसुदा मी सध्या तयार करीत आहे. म्हणजे परीक्षित लेख पाहणाऱ्यास त्याच्या शेजारीच दिसेल की हे ज्ञान ज्यांच्या हाती पडायला हवे होते, त्यांच्या भाषेत ते पोहोचले किंवा नाही.