हनोई ते सायगाव : ताटातून उमगणारा देश

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण लांबट पसरलेला आहे. भात आणि मासळी देशभर सारखीच, पण उत्तरेत चव सौम्य असते, मध्य भागात तिखट होते आणि नारळ-साखरेची रेलचेल असलेल्या दक्षिणेत गोडसर. हनोईहून सायगावकडे जाणाऱ्या प्रवाशाला हा बदल गावोगाव जाणवतो.

हनोईची सकाळ फूटपाथवरच्या बुटक्या स्टुलांवर ‘फो’ खाऊन सुरू होते. गोमांसाच्या हाडांचा किंवा कोंबडीचा रस्सा तासन्‌तास मंद उकळतो. त्यात दालचिनी, चक्रीफूल, भाजलेले आले व कांदा असतो आणि तो तांदळाच्या शेवयांवर ओततात. गोड्या मसाल्यात भेटणारे चक्रीफूल इतक्या नितळ रश्श्यात चाखणे मराठी जिभेला सुखद नवलाचे ठरते. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली, लाखो लोक दक्षिणेत गेले आणि त्यांच्याबरोबर फोही तिकडे रुजला. सायगावात त्याच्यासोबत मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पाने आणि लिंबू असे भरगच्च ताट येते.

फ्रेंच राजवटीने पाव आणि कॉफी आणली. त्या पावात लोणच्यासारखे मुरवलेले गाजर-मुळा, कोथिंबीर आणि मिरची भरून लोकांनी ‘बान्ह मी’ घडवला. 1946 मध्ये हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा अंड्याचा बलक फेटून घातलेली कॉफी जन्मली. ह्युए ही 1802 ते 1945 न्गुयेन घराण्याची राजधानी. छोट्या बश्यांतून नजाकतीने मांडलेले पदार्थ वाढण्याची दरबारी रीत तिथे आजही दिसते.

शाकाहाऱ्यांनी मात्र थोडी चौकशी करावी, कारण भाजीतही ‘नुओक माम’ हा मिठात मुरवलेल्या मासळीचा रस असू शकतो. ‘चाय’ म्हणून मागितले की शाकाहारी जेवण मिळते. अनेक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असेच जेवतात, त्यामुळे या खाण्याला तिथे जुनी, समृद्ध परंपरा आहे.

देशाची फाळणी, परकी सत्ता, टंचाई आणि श्रद्धा हे सारे या पदार्थांत उतरले आहे. सहलीत रोज हॉटेलातल्या ओळखीच्या जेवणावर भागवणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून दिवसातले निदान एक जेवण तरी स्थानिकांच्या पंगतीत बसून घ्यावे.