थांब ना, वाचतोय!

तुमच्या घरात रात्री कुणी हेडफोन लावून गेम खेळत बसतं का? मुलगा, भाची, दीर, कुणीही? मग "बंद कर ते आता" हे वाक्य तुमच्याकडेही रोज ऐकू येत असेल. २०२१ साली आमच्या मिरजेच्या घरात आई दादाला ते रोज म्हणायची. त्याच वेळी हैदराबादच्या भाड्याच्या खोलीत बसून मी फोनवर त्याला वेगळंच म्हणत असायचे, "झालं का रे तुझं? चल ना पुढे!"

दादाचं आम्हा दोघींना एकच उत्तर असायचं. "थांब ना, वाचतोय!"

गेममध्ये वाचण्यासारखं काय असतं, असं तुम्हाला वाटेल. मी इंग्रजी घेऊन बीए केलं, लिहिण्यावर माझं पोट चालतं, तरी मलाही तेव्हा तसंच वाटायचं. ते कसं बदललं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

हजारो माणसं, एकच जग

आपल्याकडे ऑनलाइन गेम म्हटलं की पब्जी आठवतो. उतरा, लढा, अर्ध्या तासात खेळ खलास. मी सांगतेय तो प्रकार वेगळा आहे. त्याला एमएमओ म्हणतात. त्यात एक मोठं जग असतं, गावं, बाजार, जंगलं असतात आणि हजारो माणसं एकाच वेळी त्यात वावरत असतात. तुम्ही लॅपटॉप बंद केला तरी ते जग चालूच राहतं.

याची सुरुवात चित्रांनी नाही, शब्दांनी झाली. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला. पडद्यावर फक्त अक्षरं. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, सगळं वाचायचं आणि काय करायचं ते टाइप करायचं. पुढे २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि हा प्रकार जगभर पसरला.

गंमत म्हणजे याच बार्टलनी १९९६ मध्ये अशा गेममधल्या खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काहींना बक्षिसं आणि वरची पातळी हवी असते. काहींना जगाचा कानाकोपरा शोधायचा असतो. काहींना गप्पा मारायच्या असतात. आणि काहींना दुसऱ्यांना हरवायचं असतं. या चारांत 'गोष्ट वाचायला आलेला' असा वेगळा प्रकारच नाही! म्हणून खेळणाऱ्यांमध्ये जुना वाद आहे. अशा गेममध्ये गोष्ट लागते तरी कशाला? माणसं असली की पुरे नाही का?

खरी अडचण वेगळीच आहे. कादंबरी आपण एकट्याने, आपल्या वेगाने वाचतो. सिनेमा सगळे मिळून बघतो, पण वेग सगळ्यांचा एकच असतो. एमएमओमध्ये मात्र गोष्ट ज्याच्या त्याच्या पडद्यावर आणि लढाई सगळ्यांनी मिळून. म्हणजे एक जण वाचत असतो आणि बाकीचे दारात चपला घालून उभे! घरात सगळे निघालेत आणि एकाचं अजून आवरलेलं नाही, तसं.

दारात उभी मी

आम्ही 'फायनल फँटसी फोर्टीन' खेळायचो. या गेमची स्वतःचीच कहाणी सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये तो आला आणि साफ आपटला. कंपनीने नाओकी योशिदा नावाच्या माणसाकडे सूत्रं दिली आणि त्यांनी गेम दुरुस्त करण्यासोबत नव्याने बांधायचं ठरवलं. जुना गेम बंद करतानाही नुसतं बटण दाबलं नाही. आकाशातला एक चंद्र महिनोन्‌महिने जवळ येत गेला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये, शेवटच्या दिवशी, तो कोसळून ते जग उद्ध्वस्त झालं. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा गेम सुरू झाला, तो त्या विनाशानंतर पाच वर्षांनी घडणारी गोष्ट म्हणून. अपयश लपवलं नाही, गोष्टीतच घेतलं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त दादाशी बोलायला मिळावं म्हणून खेळत होते.

दादा इंजिनिअर. पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि तो घरी परतला. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा निकाल लागला, त्यातही त्याचं नाव नव्हतं. त्यानंतर तो बोलेनासा झाला. जेवायला यायचा, ताट उचलायचा, खोलीत जायचा. मी फोन केला तर "हं", "बरं", "ठेवतो". या गेमचा मोठा भाग फुकट खेळता येतो, हे मला ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं होतं. मी दादाला म्हटलं, चल, एकत्र खेळू. त्याच्याकडे कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप होता. तो "बरं" म्हणाला, एवढंच.

पण माझं काय व्हायचं माहीत आहे? दिवसभर मी कंपनीसाठी लिहायचे, 'केसगळतीवर दहा उपाय' वगैरे. रात्री आणखी शब्द डोळ्यांसमोर नको वाटायचे. या गेममध्ये मुख्य गोष्ट पुढे नेल्याशिवाय नवे प्रदेश उघडत नाहीत, पण प्रसंग न बघता पुढे जाता येतं. मी धडाधड स्किप करायचे. आणि ज्याने शाळेनंतर एक कादंबरी उघडली नव्हती, तो माझा भाऊ एकेक ओळ वाचायचा.

फोन चालूच असायचा. मधेच विचारायचा, "अगं, दाउ म्हणजे काय?" गेममध्ये उरिआँजे नावाचं एक पात्र आहे, ते जुन्या वळणाचं, शेक्सपिअरच्या काळातलं वाटावं असं इंग्रजी बोलतं. माझ्या पदवीचा घरात झालेला हा पहिला उपयोग! मी अर्थ सांगायचे, तो "अच्छा, म्हणजे हा काहीतरी लपवतोय" म्हणायचा. निकालानंतर त्याची माझ्याशी झालेली पहिली पूर्ण वाक्यं ही अशी, उरिआँजेबद्दलची होती.

सगळ्यांना थांबवणारी लढाई

पहिल्या मोठ्या भागाच्या शेवटी आठ जणांनी मिळून करायच्या दोन लढाया होत्या. त्यांत मधेमधे गोष्टीचे लांब प्रसंग येतात. सुरुवातीला हे प्रसंग स्किप करता यायचे. मग व्हायचं असं की जुने खेळाडू स्किप करून पुढे पळायचे आणि पहिल्यांदा आलेला बिचारा प्रसंग संपवून बघतो तर लढाई उरकलेली! एक तर गोष्ट बघा, नाही तर लढाई खेळा.

२०१८ मध्ये कंपनीने ठरवलं की इथे कुणालाच स्किप करता येणार नाही. विसाव्यांदा आलेल्यालाही पूर्ण प्रसंग बसून बघायचा. त्याबदली बक्षीस वाढवलं. लोकांनी कुरकुर केली. काही जण त्या वेळात चहा करून आणायचे. पुढे २०२२ मध्ये या लढाया चार जणांच्या करून नव्याने रचल्या. पण मधली चार वर्षं तो नियम होता आणि आम्ही दोघे त्याच काळात तिथे पोहोचलो.

मी जाम वैतागले होते. फोनवर दादा मात्र "बघ, बघ, आता बघ" करत होता. नाइलाजाने का होईना, त्या रात्री आम्ही दोघांनी एकच गोष्ट एकाच वेळी बघितली. बाकीचे सहा अनोळखी खेळाडूही थांबले होते. आम्ही जपानमधल्या सर्व्हरवर होतो, त्यामुळे ते कोण, कुठले, काही कल्पना नाही. लढाई संपल्यावर एकाने पहिल्यांदा आलेल्यांचं अभिनंदन लिहिलं. दादाने ते मला वाचून दाखवलं, जणू मला दिसतच नव्हतं.

मी न बघितलेला प्रसंग

त्यानंतर पुन्हा माझं स्किप सुरू झालं. आणि एका रात्री, बारा वाजून गेल्यावर, दादा फोनवर एकदम गप्प झाला. मला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, "हा अल्फिनो माझ्यासारखाच आहे ना?"

मी म्हटलं, "हो ना."

"नक्की कुठलं म्हणतोय मी, सांग बरं?"

मला सांगता आलं नाही. मी तो प्रसंग बघितलाच नव्हता. तो म्हणाला, "बघितलं नाहीस ना? जाऊ दे." आणि फोन ठेवला.

तुम्हाला असं कधी झालंय का? कुणीतरी फार दिवसांनी काहीतरी सांगायला येतं आणि आपण नेमके त्या वेळी नुसतं "हो, हो" करत असतो. मला त्या रात्री झोप लागली नाही.

या गेममध्ये प्रत्येक धर्मशाळेच्या खोलीत एक पुस्तक ठेवलेलं असतं. ते उघडलं की मागे घडून गेलेले प्रसंग पुन्हा बघता येतात. पहाटेपर्यंत बसून मी बघितले. अल्फिनो हा सोळा वर्षांचा हुशार मुलगा. जग सुधारायचं म्हणून तो स्वतःची एक फौज उभी करतो. तीच फौज त्याला फसवते. सगळं हातचं जातं, मित्र हरवतात, आणि तो बर्फाळ प्रदेशातल्या एका ठाण्यावर येऊन मान खाली घालून बसतो. आपण स्वतःला फार शहाणे समजत होतो, हे त्याला आतून खात असतं. ज्या सरदाराने आसरा दिलेला असतो, तो त्याची कीव करत नाही. पण त्याला तसाच बसूनही राहू देत नाही.

सकाळी मी दादाला फोन लावला. म्हटलं, "बघितलं मी. तो ठाण्यावरचा प्रसंग ना?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूहळू बोलायला लागला. निकालाबद्दल नाही, आधी अल्फिनोबद्दलच. त्याची चूक काय होती, त्याने कुणावर विश्वास ठेवला. बोलता बोलता 'तो'चा 'मी' कधी झाला, ते त्यालाही कळलं नसेल. आता पुन्हा परीक्षा द्यायची नाही, पण बाबांना कसं सांगू, हे त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

गेमने काही चमत्कार केला, असं मी म्हणत नाही. बाबांना सांगायला त्याला आणखी दोन महिने लागले आणि त्या संध्याकाळी घरात कुणी धड जेवलं नाही. पण सांगायला सुरुवात कुठून करायची, ते त्या प्रसंगाने त्याला दिलं.

मग गोष्ट लागते का?

गोष्ट कंपनीनेच लिहिलेली हवी असंही नाही. नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा तरुण ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या आजाराने चाकाच्या खुर्चीत होता. तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो गेला. तो एकटा पडला होता, असं आईवडिलांना वाटत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि अनोळखी लोकांच्या ईमेल यायला लागल्या. गेममध्ये त्याचं नाव इबेलिन होतं. त्याच्या गटातले लोक आपापली पात्रं जगायचे, गोष्टी आपणच रचायचे आणि एकमेकांची दुःखं ऐकायचे. त्यांतले काही जण अंत्यसंस्काराला नॉर्वेत पोहोचले. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला. घरात सगळ्यांनी मिळून बघावा असा आहे.

मला वाटतं, अशा गेममध्ये गोष्टीला किंमत आहे, पण ती एकट्या लेखकाच्या हातात नाही. तुमची गोष्ट संपेपर्यंत शेजारचा थांबतो की नाही, यावर ती ठरते. म्हणून मला तो सगळ्यांना थांबवणारा नियम आज पटतो. तेव्हा मी स्वतःच्या भावासाठीही थांबत नव्हते.

वेळेची मर्यादा हवीच, त्यात वाद नाही. झोप, अभ्यास, जेवण आधी. पण तुमच्या घरातला कुणी "थांब ना, वाचतोय" म्हणाला, तर एकदा शेजारी बसून विचारा, "काय चाललंय गोष्टीत?" कदाचित तो दोन वाक्यांत उडवून लावेल. कदाचित अर्धा तास सांगत बसेल. ऐकून घ्या. पात्रांची नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, आम्हालाही अर्ध्या नावांचे उच्चार अजून येत नाहीत.

दादा आता कोल्हापूरला नोकरी करतो. रविवारी रात्री आम्ही अजून खेळतो. मी हळू वाचते, त्यामुळे दारात उभा आता तो असतो. "झालं का गं?" म्हणून ओरडतो. मी म्हणते, "थांब ना!"

आणि तो थांबतो.