तळे कुणाचे, निर्णय कुणाचा?

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी दरवर्षी २० मार्चला विद्यार्थ्यांना महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगतो. महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना तेथवर चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले आणि पुढे न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. एकदा धडगावकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग तळ्यातले मासे कुणाचे?" सरदार सरोवराने आपल्या जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली, त्याचे वडील त्याच जलाशयात मासेमारी करतात. प्रश्न पोटाचा होता.

त्याचे उत्तर शोधताना मला भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आठवले. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले हे तलाव मालगुजारी संपल्यावर शासनाकडे गेले. पुढे गाळ साचला, बेशरम माजली, देशी मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी तेथील ढिवर मच्छीमारांसोबत बसले. कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, हे ढिवरांना ठाऊक होते. त्या ज्ञानाला वनस्पतिशास्त्राची जोड मिळाली. बेशरम उपटली गेली, स्थानिक वनस्पती लावल्या गेल्या आणि देशी मासे परतू लागले. एक तळे समजून घ्यायला इतिहास, जीवशास्त्र, कायदा आणि जाळे टाकणाऱ्याचा अनुभव असे सारेच लागते.

मात्र जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. त्या काळी तलाव राखले जात, पण अखेरचा शब्द मालगुजाराचा असे. आजही 'गावाने ठरवले' असे म्हणताना त्या बैठकीत मच्छीमार होता का, स्त्रिया बोलल्या का, हे विचारलेच पाहिजे. समतेवाचून लोकसहभाग म्हणजे जुनीच सत्ता नव्या नावाने.

२००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३ वननिवासींना जलाशयातील मासे व अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्क देते. आपले अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, ग्रामसभेचे सदस्य आहेत. त्यांना माझी विनंती आहे : आपल्या गावच्या पाणवठ्यातील मासे, वनस्पती आणि वहिवाटीची नोंद वडीलधाऱ्यांकडून करून घ्या आणि ग्रामसभेमार्फत दावा दाखल करा. १९२४ चा ठराव लोक तळ्यापर्यंत चालत जाईपर्यंत कागदावरच राहिला होता. या कलमाचे तसे होऊ देऊ नका.