रांगेत मराठी बोलू नकोस?

रोहा

चि. बयो,


तुमच्या वाचनालयात सरहद्दीवर अडवलेल्या माणसांच्या कविता वाचणार आहेत, आपल्याकडचं काही सुचव, एवढंच तू विचारलंस. सुचवते. पण त्याच पत्रात ओझरतं लिहून गेलीस, की विमानतळावर तपासणीच्या रांगेत तू लेकाला दटावलंस, इथे मराठी बोलू नकोस म्हणून. बयो, हे तू करावंस? पेणच्या ओटीवर आल्यागेल्याला घडाघडा श्लोक म्हणून दाखवणारी तू! तुझी भीती मला कळते. तरी राग आला तो आलाच.

दूर कशाला जातेस, आपले कोकणातले ज्यू, बेने इस्रायली आठव. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. त्यांच्यातच पेणकर, त्यांच्यातच रोहेकर. तुझ्या आईची त्यांच्यातली मैत्रीण इस्रायलला जायला बोटीवर चढली तेव्हा आईचं काय झालं होतं, ते तू ऐकलेलं आहेस.

१९४८ नंतर ही माणसं इस्रायलला गेली ती आपल्याच धर्माच्या माणसांत जातोय या भरवशावर. आणि १९५१ मध्ये त्यांच्यातले काहीजण, रंग पाहून आम्हाला वागवतात, आम्हाला परत पाठवा, म्हणत धरणं धरून बसले. पुढच्या वर्षी काही कुटुंबं खरोखर परत आली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी अशी मागची कुळी तपासा. पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांना विचारायचं, तुम्ही ज्यू कशावरून? १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असा ठराव केला, तेव्हा कुठे फर्मानातून त्यांचं नाव निघालं. कागदावर शिक्का बसून वर्षं लोटली तरी माणसाला लग्नाच्या मांडवात अडवता येतं, हे तुझ्या वाचनात यायला हवं.

आणि त्यांनी मराठी लपवली का? इथे असताना, १८८० च्या सुमारास, आपल्याकडच्या कीर्तनाची रीत घेऊन त्यांनी अब्राहामाची, योसेफाची आख्यानं मराठीत लावली. तिथे गेल्यावर 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, नोहा मस्सील यांनी ते जपलं. संदेष्टा एलियाहू हनावीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा तिथेही होतो. तुच्छतेने बघणारे समोर असताना ही भाषा त्यांनी धरून ठेवली, आणि आपण एका काउंटरला भ्यायचं?

कवितेचं म्हणशील तर निसीम इझिकेल घे. जन्म १९२४ चा, मुंबईचा, घराणं बेने इस्रायली. लिहिलं इंग्रजीत, म्हणजे तुझ्या श्रोत्यांची अडचण नाही. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत शाळेतल्या पोरांनी केलेला जाच आहे, तेलबिया गाळणारे पूर्वज आहेत, आणि आहे तिथेच राहायचा निश्चय आहे. पण तेवढ्यावर थांबू नकोस. घर सोडून आलेल्या माणसाची कविता निदान थोडी तरी त्याच्या घरच्या बोलीत ऐकवावी, हे मी तुला कॉलेजात असल्यापासून सांगते आहे. नाहीतर लोक हळहळतात आणि घरी जातात. तेव्हा एखाद्या मराठी कीर्तनातलं पद मिळव आणि लेकाकडून म्हणून घे. मोठ्याने.

नुसतं परक्यांचं पापही वाचू नका. याच समाजात गोरे आणि काळे असा भेद होता, मिश्र लग्नातून आलेल्या 'काळ्यां'शी सोयरीक होत नसे. मुंबईतले बगदादी ज्यू तर सगळ्याच बेने इस्रायलींना कमी लेखत. आणि आपण? दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेलं कातकरी कुटुंब बोचकी घेऊन एसटीत चढलं, की शेजारी बसलेली बाई पदर सावरून उठते. यावर कविता कोण लिहिणार? तू लिही.

पण ते राहू दे. जावईबापूंच्या व्हिसाचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. मुदत डिसेंबरात संपते ना? वकिलाला भेटलात का? आणि विमानतळावर मुलाला बाजूला घेऊन विचारपूस केली, म्हणजे नेमकं काय विचारलं? त्या वेळी तू त्याच्याजवळ होतीस की नाही? तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस, तिचं बीपी पुन्हा वाढलंय. मला मात्र सगळं लिही, आणि कागद तयार नसतील तर या सुट्टीत इकडे येण्याचा हट्ट धरू नका.

तुझी
मावशी