राजमान्य राजश्री पुढील बंपर यांस

मुक्काम चॅसीची दोन शिंगे, जीप एमएम ५४०, कोल्हापूर.

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, उद्यमनगरातून आपली पाठवणी उद्या होणार, असे वेल्डिंगवाल्या मामांनी कळवले आहे. इकडील सर्व क्षेम. गाडी आपल्यावाचून अंगणात उभी आहे आणि शेजारची शेळी रेडिएटरच्या जाळीशी येऊन रोज वास घेऊन जाते. घरात आपल्या खर्चावर चर्चा चालू आहे. "बाजारात तयार मिळतो की," हे सौभाग्यवतींचे मत. तयार मिळतो तो विंचसकट घेतला तर गाडी बंपराला जोडून घेतल्यासारखे होईल, हे माझे. शेवटी मंजूर झालेली रक्कम आपल्याला सांगायला संकोच वाटतो. भंगारातला पत्रा किलोच्या भावाने, रॉडचे पाकीट, चार चांगले बोल्ट, रेड ऑक्साईडचा डबा आणि मामांची मजुरी, एवढ्यात भागवायचे आहे. सांभाळून घ्यावे.

आपले घराणे मोठे, याची मला जाणीव आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा बंपर म्हणजे एक सरळ पोलादी चॅनेल, नक्षी नाही, डौल नाही. तरी युरोपात त्याच्यावर मोठी कामगिरी आली. रस्त्यावर माणसाच्या गळ्याच्या उंचीला आडवी तार ताणून ठेवायची, म्हणजे काच आडवी पाडून भरधाव येणाऱ्या उघड्या जीपमधल्यांचे गळेच कापले जावेत, अशी शत्रूची युक्ती होती. तिच्यावर तोड म्हणून सैनिकांनी बंपरावर एक उंच लोखंडी अँगल उभा केला आणि त्याच्या डोक्याला पुढे झुकलेला आकडा ठेवला. तार त्यात अडकायची आणि तुटायची. म्हणजे हाताशी असेल त्या लोखंडाने बंपरात भर घालणे ही काही मी काढलेली टूम नव्हे. १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली, आणि त्या घराण्याची शाखा आपल्या देशात आली. पुढे प्यूजोचे डिझेल इंजिन आले, तोंडवळा बदलला, दरवाजे आले-गेले. आपण मात्र तसेच सरळसोट राहिलात.

उपकार तर किती आठवावेत! आमच्याकडे येण्याआधी आपण वडाप केले. बाजाराच्या दिवशी आत माणसे, मागे लोंबकळणारी माणसे, आणि बॉनेटवर बसलेल्यांचे चिखलाचे पाय आपल्या अंगावर. तक्रार नाही. उसाच्या हंगामात रुतलेल्या ट्रॉलीला मध्ये जुना टायर धरून आपण ढकलले आहे. राधानगरीच्या बाजूला संध्याकाळी वळणावर गवा उभा असला की इंजिन बंद करून आम्ही सगळे गप्प, आणि सगळ्यांत पुढे आपण. गव्याने आपल्याकडे पाहिले, आपण गव्याकडे, आणि तो आपला आपण निघून गेला. भाकरी-पिठल्याचे डबे आपल्यावर मांडून किती पंगती उठल्या, त्याची तर गणतीच नाही.

आणि म्हणूनच गेल्या पावसाळ्यातल्या वर्तनाचे वाईट वाटले.

गगनबावड्याच्या अलीकडे लाल मातीच्या उतारावर एका स्नेह्यांची गाडी दोन चाकांनी नाल्यात गेली. दोर आपल्या उजव्या टोकाला गुंडाळला गेला. (कोणी गुंडाळला याची चौकशी झाली. गुंडाळणारा माझा मेहुणा निघाल्यामुळे निकाल राखून ठेवला आहे.) पहिल्याच हिसक्याला टोक वीतभर पुढे आले, पाठ पिळली, बोल्टाची भोके लांबट झाली. अरे, सैन्यातल्या घराण्याचा ना तू? एका दोराच्या हिसक्याला मान टाकायची? तुझ्यापेक्षा आमच्या गोठ्यातला खुंटा बरा, म्हैस बारा वर्षे ओढते आहे त्याला!

रागाच्या भरात एकेरीवर आलो, क्षमा असावी.

त्याच रागात मी मामांना म्हटले, "दहा मिलीची प्लेट घाला, कटकट नको." मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मालक, जाड घालून काय उपयोग? धरलंय कुठं ते बघा." मग त्यांनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. १४०० बाय २०० ची दहा मिली प्लेट म्हणजे बावीस किलो; पाच मिलीची त्याच्या निम्मी. ते वजन पुढच्या पाट्यांच्याही पुढे, गाडीच्या नाकावर टांगलेले. पाटे बसणार, नाक खाली येणार, आणि चढणीच्या तोंडाशी चाकाआधी लोखंडच मातीत घुसणार. तेवढे करूनही पुढच्या वेळी भोके लांबट व्हायची ती होणारच, कारण सगळी ओढ शेवटी त्याच बोल्टांवर आणि चॅसीच्या त्याच दोन शिंगांवर येते.

आपला दोष जाडीचा नव्हता, पाठ उघडी असण्याचा होता. काडेपेटीचा नुसता आतला खण हातात धरून पिळला तर पिळतो. बाहेरचे टरफल चढवले की तोच खण हट्टी होतो. पाच मिलीच्या १०० बाय ५० च्या उघड्या चॅनेलला मागून तेवढ्याच जाडीचा पत्रा लावून डबा केला, तर पिळाला होणारा विरोध शंभर पटींहून जास्त वाढतो. वजन वाढते ते पाच-सहा किलोच. इतका स्वस्त सौदा मी आजवर लोखंडात पाहिलेला नाही, आणि तो कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही, कारण तो मागच्या बाजूला असतो.

तेव्हा आपल्याला आधी जॅकने सरळ केले गेले, ते दुखले असेल. मग पाठीला पत्रा. मामांनी सलग वेल्ड मारला नाही. या टोकाला दोन इंच, त्या टोकाला दोन इंच, मध्ये चहा. एका दमात मारला असता तर उष्णतेने आपण केळ्यासारखे वाकून परत आला असता, असे ते म्हणाले. (केळे त्यांचे, माझे नव्हे.) ७०१८ चे रॉड वापरा, असा शहाणपणा मी शिकवायला गेलो. मामा म्हणाले, तो रॉड कोरडाच लागतो, पावसाळी हवेत उघड्या पाकिटातला वापरला तर वेल्डात पुढे चीर जाण्याची भीती, आणि तो भाजून घ्यायची भट्टी मामांकडे नाही. साध्या लोखंडाला ६०१३ नीट मारला तर पुरतो. मी गप्प बसून चहा प्यालो.

आता डबा झाला तर बोल्ट आवळताना तो चेपणार. म्हणून बोल्ट जिथून आरपार जातो तिथे आत जाड पाईपचा तुकडा बसवला आहे. बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेले घेतले; साध्या ४.६ च्या दुप्पट ओढ सोसतात, आणि किमतीत फरक एका मिसळीचाही नाही. शिंगांवर बसणाऱ्या आपल्या लांबट भोकांवर नव्या पट्ट्या आल्या. खाली दोन भोके पाणी निघायला. बंद डब्यात पावसाळा साठला तर आपण आतून कधी संपलात ते आम्हाला कळायचेही नाही.

दोराचा मान आता आपल्याकडे नाही, हे मन घट्ट करून वाचावे. ट्रकच्या भंगारातले दोन घडीव हूक मिळाले. ते आपल्या अंगातून थेट शिंगांना बोल्टने धरायचे आहेत, वेल्डने नाही, कारण घडीव लोखंड वेल्डच्या उष्णतेने बिघडू शकते. सळई वाकवून हूक करून देणारेही भेटले. असा हूक ओढीत तुटला तर दोराबरोबर गोळीसारखा सुटतो आणि दोन गाड्यांमध्ये उभ्या माणसाला लागतो. तिथे काटकसर नको, म्हणून आपल्या रंगाचे पैसे हुकांकडे वळवले. मेहुण्यालाही कळवले आहे की दोर हुकालाच. त्याने अंगठा पाठवला आहे.

आता आपल्या मनातले बोलतो. उद्यमनगरात शेजारी कोणाची तरी नवी चकचकीत गाडी उभी होती आणि तिच्या तोंडावर छातीएवढा बुलबार. आपण तिकडे बघत होता, असे मला वाटले. तो हट्ट सोडावा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना लिहून असल्या गार्डांवर कारवाई करायला सांगितले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. नव्या गाड्यांत त्या नळ्यांमुळे एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. आपल्याकडे एअरबॅग नाही हे खरे, पण रस्त्यावरून चालणाऱ्याचा गुडघा आपल्याही समोर येतो. गोव्यात २०१४ पासून सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या गाड्यांचे फोटो मीही पाहतो. त्यांचे बंपर विंच पोसायला घडवलेले असतात. विंच घ्यायचा तर भरल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट ओढीचा घ्यावा लागतो, आणि आपल्याला तो पाटे, बॅटरी, अल्टरनेटर या सगळ्यांना विचारून घ्यावा लागेल. त्यांचा नकार मला आत्ताच ऐकू येतो.

म्हणून विनंती अशी. मूळ जागा, मूळ उंची, मूळ रुंदी सोडू नये. टोके घासून गोल केली आहेत, ती तशीच राहू द्यावीत. आणि मघाशी खुंट्यावरून बोललो ते मागे घेतो: कधी बांधावर खरेच आदळलो, तर आधी आपणच वाकावे. इतके ताठ होऊ नये की धक्का तसाच मागे जाऊन चॅसीची शिंगे मुडपतील. आपल्याला सरळ करायला मामा आणि एक दुपार पुरते. चॅसी वाकली तर गाडी गेलीच म्हणायची. दुसऱ्यासाठी वाकायला सांगणे बरे नव्हे, कळते. पण आपली नेमणूकच त्यासाठी आहे.

बसवताना मामा जागेवर एखादा टाका मारतीलच. त्याआधी बॅटरीची वायर सोडायची आणि वेल्डिंगचा चिमटा आपल्याच अंगाला लावायचा, हे मी त्यांच्या कानावर घातले आहे. त्यांनी उत्तर दिले नाही, नुसते पाहिले.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
स्टिअरिंगमागचा

ता. क. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळावे लागतील. एकोणीसचा पाना मेहुण्याकडे आहे. तो आणीपर्यंत गगनबावड्याचे नाव काढू नये.