मंदाग्नि

मंदाग्नि हा आपल्या वैद्यशास्त्रांत रोग गणला आहे. पण अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत तो एका पाककलेचा प्राण आहे. तेथें गाईबैलांच्या छातीच्या मांसास ब्रिस्केट म्हणतात. गुरांना हंसळीचें हाड नसतें. त्यामुळें पुढील अंगाचा भार छातीच्या स्नायूंवर पडतो आणि जन्मभर राबून ते चिवट होतात. म्हणून हा भाग एके काळीं स्वस्त असे. एकोणिसाव्या शतकांत मध्य टेक्सासांत येऊन वसलेल्या जर्मन व चेक खाटकांनीं न खपलेलें मांस धुरावर शिजवून विकण्याचा परिपाठ पाडला. कापूस वेंचणारे मजूर तें कागदावर घेऊनच खात. लॉकहार्ट गांवचें क्राइट्स मार्केट हें अशांपैकीं एक दुकान १९०० सालचें आहे. आज मात्र ऑस्टिन शहरांत याच ब्रिस्केटसाठीं लोक सकाळपासून रांग लावितात, आणि कित्येक घरांच्या अंगणांतही त्याची साधना चालते.

अशाच एका घरीं आमची लेक नांदते. जांवई तेथलेच. सुटींत आम्ही महिनाभर त्यांच्याकडे राहिलों, तेव्हां अंगणांतील लोखंडी भट्टी ताडपत्रीखालीं झांकलेली दिसली. आमच्या पानांत गोमांस कधीं आलें नाहीं व येणारही नाहीं. म्हणून लेकीची ही खबरदारी. परंतु पाहुण्यापायीं घरच्या माणसांनीं आपल्याच घरांत चोरट्यासारखें वागावें, हें आम्हांस रुचेना. आम्हीं म्हटलें, “ताडपत्री काढ. खाणार नाहीं; पण पाहूं तर खरें.”

शनिवारीं रात्रीं जांवयांनीं सुमारें सहा किलोंचा तुकडा घेतला, वरची चरबी पाव इंच राखून बाकीची छाटली, आणि जाड मीठ व भरड मिरीं चोळलीं. याखेरीज मसाला नाहीं! भट्टींत ओकच्या वाळक्या लांकडांचा विस्तव एका बाजूस, मांस दुसऱ्या बाजूस; मधून केवळ ऊन धूर वाहतो. उष्णता १२० अंश सेंटिग्रेडच्या आसपास राखावयाची. लांकूड कोंदून दाट पांढरा धूर निघाला कीं मांस कडवट होतें. म्हणून दर पाऊण तासानें उठून एक फांकडें घालावयाचें. आम्ही शाल पांघरून शेजारीं बसलों.

पहाटे तीनच्या सुमारास मांसाची आंतील उष्णता सत्तर अंशांवर येऊन थांबली. एक तास गेला, दोन गेले; आंकडा हलेना. विस्तव तर तसाच होता. आम्हीं कारण विचारलें. जांवई हंसून म्हणाले, “बाबा, आतां त्याला घाम येतो आहे.”

शास्त्र असें, कीं उन्हाळ्यांत माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें हें मांस तापेनासें होतें. आंतील ओलावा पृष्ठभागीं येऊन वाफ होतो, आणि विस्तव जेवढी उष्णता देतो तेवढी वाफ घेऊन जाते. पण याच थांबलेल्या तासांत स्नायूंना बांधणारें कोलॅजन हळूहळू विरघळून मऊ जिलेटिन होत असतें. घाईनें आंच वाढविली तर बाहेरचा भाग वाळून जातो, आणि आंतला चिवटपणा जाण्यास अवधि मिळत नाहीं.

सकाळीं आंकडा पुन्हा चढूं लागला. पंचाण्णव अंशांवर मांस बाहेर काढून, गुंडाळून, तासभर निवत ठेविलें. मग धाग्यांस आडवें कापलें. लेकीनें आमच्या पानांत वरणभात वाढला. क्षणभर ती थबकली, आणि मग आपलें पान आमच्यासमोर मांडून त्यांत दोन काप घेतले. ती हें खाते हें आम्हांस वर्षानुवर्षें ठाऊक होतें. आम्हांस ठाऊक आहे, हें मात्र तिला ठाऊक नव्हतें. कोणी कांहीं बोललें नाहीं. तिनें आमच्या भातावर तूप वाढलें आणि ती जेवूं लागली.

तीस वर्षें आम्हीं वर्गांत काढलीं. दोन परीक्षांत मुलाचे गुण वाढले नाहींत कीं घरचीं माणसें शिकवण्या लावितात, जागरणें करवितात. थोडक्यांत, आंच वाढवितात. आंकडा थांबला म्हणजे आंतील कार्य थांबलें असें नव्हे, हें त्यांस कसें पटवावें हा आमच्यापुढें नेहमींचा प्रश्न. पुढील खेपेस कोणी पालक तक्रार घेऊन आले, तर आम्ही त्यांस माठाचा दाखला देऊं. ब्रिस्केटचें नांव मात्र काढणार नाहीं.